ह्यांची बॅच

आमच्या घरी बातम्या पहाटे साडेपाचला लागतात. आकाशवाणीचं जबलपूर केंद्र त्यानंतर जागं होतं. आमचे हे उठून बसतात, उशीखाली चाचपडून चष्मा काढतात, मग कानातलं यंत्र शोधतात, ते सापडत नाही म्हणून फोन स्पीकरवर टाकतात आणि जबलपुरातल्या गोरखपूर भागातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळतं की पुण्यात कोणाची शुगर किती आली.

"अरे बड्डे, शुगर सोड, पोटॅशियम किती?" हे ओरडतात. पलीकडचा बड्डेही ओरडतो, कारण त्याचंही यंत्र सापडलेलं नसतं. परवा समोरच्या सरदारजींनी मला भाजीच्या ठेल्यावर गाठलं आणि गंभीरपणे विचारलं, "भाभीजी, वो पूनेवाले भाईसाहब का पोटैशियम अब कैसा है?" मी म्हटलं, "उतार पे है." त्यांनी 'वाहेगुरू' म्हटलं आणि निश्चिंत मनानं कोथिंबीर घेतली.

ही बॅच म्हणजे १९७५ साली जबलपूरच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडलेली मंडळी. कॉलेज १९४७ सालचं, गावाबाहेर रांझीजवळ गोकलपूरला. बॅचमधले बाकी सगळे पुणे, नागपूर, ठाणे, भिलाई, न्यू जर्सी असे पांगले. आमचे हे तेवढे हलले नाहीत. गन कॅरेज फॅक्टरीत लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि वडिलांनी बांधलेल्या गोरखपूरच्या घरात सकाळचा पेपर वाचत बसले. मागे राहिलेला माणूस सगळ्यांच्या हक्काचा असतो. कोणाला मार्कशीटची नक्कल हवी, कोणाला नातवाच्या बारशासाठी नर्मदेचं पाणी हवं, कोणाची आत्या गोलबाजारात एकटी राहते तिच्याकडे जरा डोकावायचं असतं. न्यू जर्सीवाल्यांनी तर एकदा, आपल्या हॉस्टेलच्या खोलीबाहेरचं जांभळाचं झाड अजून आहे का, ते बघून यायला सांगितलं. हे स्कूटरवरून गेले. झाड होतं. बॅचमध्ये दोन दिवस आनंदाचं वातावरण होतं. मग एकानं खुलासा केला की ते जांभळाचं नव्हे, करंजाचं झाड आहे, आणि तिसऱ्यानं कळवलं की त्या हॉस्टेलमध्ये न्यू जर्सीवाले कधी राहिलेच नव्हते.

मी सांगलीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासरे मला भोसल्यांच्या गोष्टी सांगायचे. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं, ही गोष्ट ते परवाचीच असल्यासारखी सांगायचे आणि इंग्रजांनी ते घेतलं यात माझीच काही हयगय झाली असावी, अशा नजरेनं माझ्याकडे बघायचे. मला वाटलं, इतिहास सांगायची ही खोड त्यांच्यापुरतीच असेल. पण ती घराण्यात होती.

बॅचच्या बातम्यांची एक चढती भाजणी असते, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय. सुरुवातीला नोकरी लागल्याच्या बातम्या यायच्या, त्याही पोस्टकार्डावर. मग लग्नं, बारशी, बढत्या, फ्लॅट. मग मुलांची लग्नं, मुलांचे फ्लॅट. आता गुडघे. गुडघ्याची बातमी इंजिनियर लोक ज्या तऱ्हेनं सांगतात तशी डॉक्टरही सांगत नसतील. "मटेरियल कोणतं?" "टायटॅनियमचा मिश्रधातू." "लोड किती घेतो?" "वॉरंटी?" मेकॅनिकलवाले घर्षणावर बोलतात, सिव्हिलवाले पाया कच्चा होता म्हणतात. एकाच्या हृदयात दोन स्टेंट बसले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं पहिला प्रश्न केला तो, सीरिजमध्ये की पॅरललमध्ये?

आणि मग त्या दुसऱ्या बातम्या. त्या येतात तेव्हा घर गप्प होतं, मी चहा न विचारता करते आणि हे एक दिवस फोन स्पीकरवर टाकत नाहीत. पण तिथेही ही मंडळी गोंधळ घालायचं सोडत नाहीत. एकदा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, बॅचमधल्याच एका गृहस्थांचा, गळ्यात हार. नागपूरनं तत्काळ हात जोडले, भिलाईनं 'ओम शांती' लिहिलं, ठाण्यानं त्यांच्या स्वभावावर चार ओळी लिहिल्या, फार चांगल्या होत्या. अर्ध्या तासात तेवीस श्रद्धांजल्या झाल्या. चोविसावा संदेश खुद्द त्या गृहस्थांचा होता. सोसायटीनं सव्वीस जानेवारीला ज्येष्ठ नागरिक म्हणून सत्कार केला, त्याचा तो फोटो होता. त्यांनी लिहिलं, "ठाण्याचा मजकूर जपून ठेवावा. पुढे लागेल."

तर या बॅचला पन्नास वर्षं झाली म्हणून सुवर्णमहोत्सवी मेळावा ठरला. कुठे करायचा यावर सहा महिने वाद झाला. गोवा, महाबळेश्वर, केरळ सगळं झालं आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की जबलपूरलाच करावा, म्हणजे सगळी व्यवस्था आमच्या ह्यांनीच पाहावी. दिवाळीनंतरची थंडी, सपत्नीक यावं, स्थळ गोरखपूर.

पहिलं संकट हॉटेलात आलं. हॉटेल आमच्या घराजवळचंच, मदनमहल स्टेशनच्या बाजूला. मॅनेजरनं पाहुण्यांच्या नावांची यादी मागितली. ह्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिली. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला, "सर, ये डायनॅमो जी सिंगल हैं या विथ फॅमिली? और कमरा नंबर दो सौ चार में लंबू, छोटा लंबू और पंडित, तीनों को साथ रखना है?" मी हातातून यादी घेतली. डायनॅमो, लंबू, छोटा लंबू, पंडित, हवालदार, मौसी. एकाही माणसाला नाव नव्हतं. मी म्हटलं, "अहो, आधार कार्डावर मौसी कसं असेल?"

"मग काय असेल?"

"त्यांचं नाव!"

हे बराच वेळ छताकडे बघत बसले. पाच वर्षं ज्याच्याशेजारी झोपले, पन्नास वर्षं ज्याच्याशी फोनवर बोलले, त्या माणसाचं नाव ह्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी सगळी नावं मीच दिली. मला कशी माहीत? मी त्यांच्या बायकांना दिवाळीचं पार्सल पाठवते. कुरियरवाला 'मौसी' चालवून घेत नाही.

दुसरं संकट रेल्वेनं आलं, पण त्यात रेल्वेची काही चूक नव्हती. ठाणेकरांचं तिकीट त्यांच्या मुलानं काढलं. आमंत्रणात 'स्थळ: गोरखपूर' असं ठळक होतं आणि जबलपूर खाली बारीक अक्षरांत होतं. मुलगा कॉम्प्युटरमधला. त्यानं बारीक अक्षरं वाचली नाहीत आणि काशी एक्सप्रेसचं थेट गोरखपूरचं तिकीट काढलं. आता गंमत अशी की उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरला जाणारी ही गाडी जबलपूरवरूनच जाते. वहिनींनी डब्यातल्या तिकीट तपासनिसाला बजावून ठेवलं होतं, गोरखपूर आलं की उठवा. तो बिचारा बरं म्हणाला. रात्री जबलपूर आलं आणि गेलं. ठाणेकर लोअर बर्थवर घोरत होते. पाच वर्षं ज्या स्टेशनावर त्यांनी फुकट रात्रीचा चहा प्यायला, असं ते सांगतात, त्या स्टेशनानं त्यांना हाक मारली नाही.

सकाळी ह्यांचा फोन वाजला. स्पीकरवरच होता.

"अरे, पुलावरून चाललोय. नर्मदा इतकी रुंद कधी झाली?"

"कुठला पूल?"

मागून कोणा सहप्रवाशाचा आवाज आला, "नैनी का पुल है, अंकल. जमुना जी हैं."

थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. मग वहिनींचा आवाज आला, आणि तो मी इथे देत नाही. दोघं प्रयागराजला उतरले, आता आलोच आहोत तर म्हणून त्रिवेणीसंगमावर स्नान केलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारात गंगाजलाचे सहा गडू घेऊन हजर झाले. मेळाव्याला पोचलेल्यांत सर्वांत पुण्यवान तेच.

उद्घाटन आमच्या गच्चीवर होतं. मांडव, खुर्च्या, माइक, आणि जुने फोटो दाखवायला प्रोजेक्टर. कार्यक्रम सुरू होणार तोच वीज गेली. म्हणजे फक्त आमच्या घरची. त्या क्षणी आमच्या गच्चीवर अकरा इलेक्ट्रिकल इंजिनियर होते, त्यातले दोन मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले. अकराही जण जिन्यातल्या मीटरपुढे जमा झाले. एकानं विजेरी धरली, एकानं कारणमीमांसा केली, एकानं जबाबदारी निश्चित व्हायला हवी म्हटलं. मुख्य अभियंत्यांपैकी एकानं विचारलं, "फ्यूज बघितलाय का कोणी?" दुसऱ्यानं विचारलं, "तो असतो कुठे?" पाऊण तासानं केटररचा पोरगा भज्यांची परात खाली ठेवून आला, एका हातानं तार बसवून परत गेला. प्रोजेक्टरही त्यानंच लावला. पुढच्या मेळाव्याला त्याला मानद सदस्य म्हणून बोलवावं, असा ठराव झाला.

मग ओळखी. प्रत्येकानं दोन मिनिटांत आपली आणि पत्नीची ओळख करून द्यायची. डायनॅमोंनी पस्तीस मिनिटं घेतली. त्यात कंपनीची उलाढाल आली, जर्मनीचा दौरा आला, दोन जावई आले, आणि शेवटी "ही माझी पत्नी" म्हणून त्यांनी डावीकडे हात केला. डावीकडे पंडितांची पत्नी बसली होती. डायनॅमो-वहिनी भज्यांच्या रांगेत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "चालू द्या, मी इथे बरी आहे."

आम्हा बायकांना दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. पहिली रांग विद्यार्थ्यांची. आणि मग ते सुरू झालं. तेच ते किस्से. मला ते पाठ आहेत. सगळ्याच वहिनींना पाठ आहेत. १९७४ च्या पोटनिवडणुकीत शरद यादव जबलपूरहून लोकसभेत गेले, ते ह्याच कॉलेजचे, त्यामुळे बॅचमधल्या प्रत्येकानं त्यांना चहा पाजलेला आहे. माझा हिशोब असा आहे की यांतले निम्मे जरी खरं बोलत असतील, तर त्या माणसाला सभा घ्यायला वेळ कधी मिळाला असेल? एम्पायर टॉकीज प्रेमनाथची, तेव्हा प्रेमनाथनं प्रत्येकाला आपल्या हातानं आत बसवलेलं आहे. मौसींनी आचार्य रजनीशांची व्याख्यानं वर्गात बसून ऐकली आहेत. रजनीशांनी प्राध्यापकी सोडली १९६६ साली. मौसी तेव्हा आठवीत होते. मी हे एकदा बोलले तर ते जराही डगमगले नाहीत. "वहिनी, मी पुढचा विचार करणारा मुलगा होतो."

नेपियर टाऊनला व्यंगकार हरिशंकर परसाई राहायचे, आमच्या घरापासून फार लांब नाही. १९९५ साली ते गेले. ही बॅच त्यांच्या तावडीतून सुटली, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

ह्यांचा स्वतःचा किस्सा आहे तो हॉस्टेलच्या मेसमधल्या पळीचा. डाळ इतकी पातळ की पळी बुडते, आणि ती काढायला सिव्हिलच्या मुलांना बोलावतात. हे बोलत होते, "...तर मग वॉर्डन आले आणि..." इथे थांबायचं असतं, चष्मा पुसायचा असतो. ह्यांनी चष्मा काढला आणि पुढचं वाक्य विसरले. गच्ची शांत. मागच्या रांगेतून आम्ही आठ-नऊ जणी एका सुरात म्हणालो, "आणि वॉर्डन म्हणाले, आधी सर्व्हे करा!" हशा पिकला. आयुष्यात पहिल्यांदा त्या किश्शाला इतकं हसू आलं. पण हे दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले.

बॅचमध्ये एक मुलगी होती. एकच. आता ती सत्तरीपलीकडची, केस आखूड कापलेली, कडक खादीची साडी, कोणाकडे बघायचं तर चष्म्याच्या वरून. ती येणार म्हणून पहिल्या रांगेतल्या बहुतेकांनी केस काळे केले होते, एकानं मिशाही, त्या जरा जांभळ्या निघाल्या. प्रत्येकाची समजूत अशी की ती त्या काळी आपल्याकडेच बघायची. वहिनी मंडळींनी तिला घेरून सरळ विचारलंच. ती म्हणाली, "मला यातलं कोणी आठवत नाही हो. मी पहिल्या बाकावर बसायचे. फळा आठवतो. आणि माझ्या ड्रॉइंगच्या शीटा रात्री कोणीतरी न्यायचं, सकाळी त्यावर चहाचे डाग असायचे." पहिली रांग एकदम चपला शोधायला लागली.

तिच्याबरोबर तिचा नवरा आला होता. शांत, उंच माणूस, बँकेतून निवृत्त, खांद्याला तिची पर्स. सगळी बॅच त्याला जीजाजी म्हणत होती. पन्नास वर्षांपूर्वी तिला बहीण म्हणायला यातला एकही तयार नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं. जीजाजींना नियमाप्रमाणे दुसऱ्या रांगेत बसवलं, आमच्यात. थोडा वेळ ते अवघडून बसले. मग पळीचा किस्सा सुरू झाला तेव्हा त्यांनी हळूच माझ्याकडे झुकून विचारलं, "ही डाळीची ना? आमच्याकडे पण आहे. आमच्यात ती बशी असते." त्या क्षणापासून ते आमचे झाले. रात्रीपर्यंत त्यांना कोणाची सून कशी, कोणाच्या घरी किती लोणचं, आणि कोणते भावोजी बाथरूममध्ये किती वेळ घेतात, सगळं कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भेडाघाट. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या, ज्या 'म' वर अडल्या आणि कोणी पुढे गेलंच नाही, कारण सगळेजण गाण्याचं नव्हे तर सिनेमाच्या नायिकेचं नाव आठवत बसले. चौसष्ट योगिनींच्या देवळाला शंभराच्या वर पायऱ्या आहेत. बॅचनं त्या खालून पाहिल्या. टायटॅनियमवाल्यांनी वर जाऊ शकतो असं जाहीर केलं आणि कोणी आग्रह केला नाही म्हणून थांबले. वर गेलो आम्ही चौघीजणी, जीजाजी आणि केटररचा पोरगा.

नावेत बसताना वजन दोन्ही बाजूंना सारखं असावं म्हणून इंजिनियर लोकांनी आसनव्यवस्था बदलायला सुरुवात केली. नाव हलायला लागली ती तेव्हापासून. नावाडी विशीतला पोर, भेडाघाटचे सगळे नावाडी बोलतात तसा यमकं जुळवत बोलत होता, हा खडक बघा, तो रंग बघा. एका ठिकाणी म्हणाला, यहाँ शाहरुख की 'अशोका' की शूटिंग हुई थी. बॅच खवळली. "काय अशोका? इथे राज कपूरनं 'जिस देश में गंगा बहती है' काढला, १९६० ला! आम्ही होतो इथे!" नावाड्यानं वल्हं थांबवलं आणि आदरानं विचारलं, "आप लोग भी थे उस में?" हवालदारांनी उत्तर दिलं नाही, पण नाकारलंही नाही. सात वर्षांचे होते ते तेव्हा.

परतताना बस कमानिया गेटला थांबवायला लावली, खव्याच्या जलेबीसाठी. जाड, काळपट तपकिरी, पाकातून निथळणारी ही जलेबी सोडून जबलपूरहून परत जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाला न भेटणं. बसमधल्या दोन माणसांत मिळून एक मधुमेह, असं प्रमाण असावं. वहिनींनी व्यूहरचना केली, एकेकीनं दोघादोघांवर नजर ठेवायची. पुरुष एवढे शहाणे की त्यांनी आपापल्या बायकोसाठी म्हणून द्रोण घेतले. "हिला आवडते." मी कोपऱ्यावर ह्यांच्यावर पाळत ठेवून उभी होते आणि पाळत ठेवताना माझ्या हातातला द्रोण कधी संपला, मला कळलं नाही. मला स्वतःला दहा वर्षांपासून गोळी चालू आहे. मागे वळून बघते तर जीजाजी. त्यांच्याही हातात द्रोण. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि विषय वाढवला नाही.

मेळावा संपला. डायनॅमोंचा कवळीचा डबा आमच्याकडे राहिला, पंडितांची छत्री राहिली, कोणाचा तरी डाव्या पायाचा मोजा राहिला. कवळी मी कुरियरनं पाठवली, नाव बरोबर घालून. पहाटे साडेपाचच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या, सुवर्णमहोत्सव कसा अपूर्व झाला, कोण किती म्हातारा दिसत होता वगैरे. प्रत्येकजण दुसऱ्यांबद्दलच बोलत होता.

इकडे दुसऱ्या रांगेनंही आपला एक ग्रुप काढला आहे. जीजाजी खजिनदार. बँकेतला माणूस, हिशोब चोख. पहिल्याच आठवड्यात ठरलं, फेब्रुवारीत पचमढीला जायचं, चार दिवस, पिपरियापर्यंत गाडी आणि पुढे जीप. सगळ्यांना लोअर बर्थ मिळाल्या, कारण नावं पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "आणि आम्ही?"

"तुम्ही कशाला? बॅचचा मेळावा आहे."

"अगं पण तुम्ही सगळ्या एका वर्गात होतात कधी?"

"तुमच्याच," मी म्हटलं. "आणि हो, गुरुवारी दूध जास्तीचं येतं. विरजण लावता येतं ना तुम्हाला?"

ह्यांनी फोन उचलला, स्पीकरवर टाकला आणि पुण्याला विचारलं, "बड्डे, विरजणाची प्रोसेस काय आहे?"